पाचारण खरं होतं, मग दारं का बंद होत गेली?

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांकडून एक प्रश्न सारखा येतो, कुणी रडत विचारतं, कुणी रागात, काहीजण तर लाजत विचारतात कारण असा प्रश्न पडणं हेच पाप आहे असं त्यांना वाटत असतं. प्रश्न असा, की देवाने मला बोलावलं होतं याची पक्की खात्री होती, मग सगळं असं फिसकटत का गेलं? की ते बोलावणं म्हणजे माझ्याच मनाचा खेळ होता?

एका भावाची गोष्ट सांगते, त्यांच्या परवानगीने, आणि ओळख पटू नये म्हणून बरेच तपशील बदललेत. वय तिशीच्या पुढे. कॉलेजात असताना एका युवक शिबिरात त्यांना पूर्णवेळ सेवेचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, झालं. चांगली नोकरी सोडून बायबल कॉलेजला गेले, मध्येच वडिलांना पक्षाघात झाला आणि शिक्षण अर्धवट टाकून घरी यावं लागलं. नंतर एका मिशन संस्थेत अर्ज केला, मुलाखती छान झाल्या, आता फक्त निघायचं बाकी असं वाटत असताना मेडिकलमध्ये नकार आला. मग म्हणाले ठीक आहे, आहे तिथूनच करू, घरातच तरुण मुलांची छोटी संगती, म्हणजे एकत्र प्रार्थना आणि वचन वाचणारा गट, सुरू केली, ती वाढलीसुद्धा, आणि मग पैशांवरून आणि पुढे कोण उभं राहणार यावरून वाद होऊन ती फुटली. माझ्याकडे आले ते यानंतर. खरंतर आले म्हणण्यापेक्षा बायकोने आणलं.

ते बराच वेळ गप्पच होते. त्या म्हणाल्या, "ताई, जेवणाआधीची प्रार्थनापण आता मलाच करायला सांगतात."

मी पाचारणाचा विषय त्या दिवशी काढलाच नाही. झोप कशी आहे, भूक लागते का, सकाळी उठावंसं वाटतं का, एवढंच विचारलं. पहाटे तीनला जाग येते ती येतेच, ताटात वाढलेलं तसंच राहतं, आणि हे कित्येक आठवडे चाललेलं. मंडळीतल्या (चर्चमधल्या) काहींनी त्यांना सांगितलं होतं की विश्वास कमी पडतोय, उपवास करा. अशा माणसाला आणखी उपाशी राहायला सांगणं मला अजिबात पटत नाही आणि मी ते स्पष्ट बोलले. बायबलमध्ये, 1 राजे 19 मध्ये, संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, कर्मेल डोंगरावरच्या एवढ्या मोठ्या विजयानंतर, आणि तिथे देव त्याला त्याच्या सेवेबद्दल एक शब्दही विचारत नाही. झोपू देतो. दूत येऊन उठवतो, भाकर आणि पाणी देतो, तो परत झोपतो, दूत परत उठवून खायला लावतो. इथे काय करतोस हा प्रश्न नंतर येतो, होरेब डोंगराला पोचल्यावर. म्हणून मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. मन उदास राहणं किंवा कशातच रस न वाटणं जवळजवळ रोज, दिवसातला बराचसा वेळ आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, सोबत झोप आणि भूक बिघडली, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. आणि मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे कसले, त्याच दिवशी. औषध घेतल्याने कुणाचा विश्वास कमी ठरत नाही.

झोप थोडी सुधारल्यावर बोलणं सुरू झालं. ते प्रत्येक गोष्ट एकाच पद्धतीने सांगायचे, देवाने कॉलेज सोडायला लावलं, देवाने संस्थेचं दार बंद केलं, देवाने संगती मोडली. मी म्हटलं, दादा, एकदा फक्त काय घडलं ते सांगा, कुणी काय केलं तेवढं. मग हळूहळू वेगळंच चित्र दिसायला लागलं. कॉलेज त्यांनी सोडलं, वडिलांवर प्रेम होतं म्हणून. नकाराचं पत्र एका कमिटीने दिलं, डॉक्टरांचा रिपोर्ट बघून. संगती फुटली कारण हिशोब एकाच माणसाच्या हातात होता आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं, ते स्वतःसुद्धा नाही. देव या सगळ्यात नव्हता असं मी म्हणत नाहीये, मी स्वतः मानते की तो होता. पण माणसांचे निर्णय, शरीराचं आजारपण आणि आपल्या हातून राहून गेलेल्या गोष्टी हे सगळं एकत्र करून त्यावर 'देवाने नाकारलं' असा शिक्का मारला की माणसाला शोकही करता येत नाही आणि शिकताही येत नाही. वडिलांच्या आजारपणाबद्दल ते त्या दिवशी पहिल्यांदा रडले. तोवर त्यांनी ते फक्त सेवेतला अडथळा म्हणूनच बघितलं होतं.

मग आम्ही नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16 उघडला. हा भाग मला फार जवळचा वाटतो. प्रेषित पौलाला आशिया प्रांतात (खंड नव्हे, आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग) वचन सांगायचं होतं, पवित्र आत्म्याने अडवलं. मग उत्तरेकडच्या बिथुनिया प्रांतात जायचा प्रयत्न केला, तिथेही जाऊ दिलं नाही. कसं अडवलं ते लिहिलेलं नाही, का तेही नाही. मग त्रोवसला रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त, आणि पौल निघाला. आणि आज्ञा पाळून गेला तिथे काय मिळालं, तर फिलिप्पैत छड्यांचा मार आणि तुरुंग! म्हणजे पाचारण अगदी बरोबर ऐकलेलं असूनही पाठ फुटू शकते, हे आधी लक्षात घ्या.

पण त्यापुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच आशिया प्रांतात, इफिसात, पौल नंतर दोन वर्षं तुरन्नाच्या पाठशाळेत रोज शिकवत होता (अध्याय 19), आणि सगळ्या आशियात वचन पोचलं. एक बंद दार पुढे त्याच्यासाठीच उघडलं. आणि बिथुनिया? पौल तिथे कधी गेला असं नव्या करारात कुठेही नाही. तरी पेत्राचं पहिलं पत्र ज्यांना लिहिलंय त्यांच्यात बिथुनियातले विश्वासणारे आहेत. म्हणजे तिथे काम झालं, पौलाशिवाय झालं. त्या भावाला मी विचारलं, तुमच्या बंद दारांपैकी आशिया कोणतं आणि बिथुनिया कोणतं? ते म्हणाले, "मला कसं कळणार?" मी म्हटलं, आज नाहीच कळणार, पौलालाही त्रोवसला कळलं नसेल. फक्त दोन्ही शक्य आहेत हे धरून चालायचं. मिशन संस्था तुमच्यासाठी कदाचित बिथुनिया असेल, तिथे दुसरं कुणीतरी जाईल, आणि त्याने तुमचं पाचारण खोटं ठरत नाही. कारण पाचारण देणाऱ्याने दिलेलं असतं, पद आणि जागा माणसं देतात.

बोलता बोलता एक गोष्ट बायकोकडून कळली. संगतीतल्या मुलांपैकी दोघं-तिघं अजून रात्री फोन करायचे, आणि हे उचलायचे नाहीत. फोन उपडा करून ठेवायचे. का, तर "आता मला काय अधिकार आहे?" अधिकाराचं पत्र कुणाकडून यायचं होतं, असं मी विचारलं. ते काही बोलले नाहीत पण त्या आठवड्यात त्यांनी एकाला फोन लावला. फार काही ग्रेट झालं नाही. त्या मुलाने आधी रागच काढला, तुम्ही आम्हाला सोडून गेलात म्हणाला, आणि यांनी ऐकून घेतलं. मला विचाराल तर तो फोन म्हणजेच सेवा होती.

इथे एक सांगायलाच हवं, प्रत्येकाला मी "तुमचं पाचारण खरंच आहे" असं सांगत नाही. कधीकधी ते घरच्यांच्या नवसातून आलेलं असतं, कधी स्टेजच्या ओढीतून, आणि तेव्हा ते सोडून देण्यातच सुटका असते. एकट्याने खोलीत बसून हे ठरवू नये. अंत्युखियात बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना आत्म्याने बोलावलं तेव्हा मंडळी सोबत होती, उपवास-प्रार्थना करून, त्यांच्यावर हात ठेवून त्यांना पाठवलं (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 13). तुम्हाला जवळून ओळखणारी, तुमची भीड न ठेवणारी दोन-तीन माणसं काय म्हणतात ते ऐका, आणि ज्यांच्यात सेवा केली त्यांना काय मिळालं ते त्यांनाच विचारा.

त्या भावाने आता नोकरी धरलीय, वडिलांना सांभाळतात, आणि त्या मुलांपैकी दोघांबरोबर रविवारी संध्याकाळी बसून वचन वाचतात. हिशोबाच्या वादात जो माणूस होता त्याच्याशी अजून बोलणं झालेलं नाही, ते अवघड जातंय. बायबल कॉलेजचं राहिलेलं शिक्षण पत्राद्वारे पूर्ण करता येईल का याची चौकशी चालू आहे, पण घाई नको असं दोघांनी मिळून ठरवलंय. पहाटेची जाग कधीकधी अजून येते. आणि जेवणाआधीची प्रार्थना ते दोघं आळीपाळीने करतात.