लिस्टोलला जाऊ की नको?

प्रश्न : ताई नमस्कार. मी सांगलीचा, रिटायर्ड मास्तर. मुलगा-सून आयर्लंडात लिमरिकला असतात, मेच्या शेवटी आम्ही दोघं जातोय. सून म्हणते जवळ लिस्टोवेल म्हणून गाव आहे, तिथे साहित्याचा महोत्सव असतो, जाऊया. मी बघितलं तर पाच हजारसुद्धा वस्ती नाही! एवढ्याशा गावात कसलं साहित्य? शिवाय माझं इंग्रजी वाचायला ठीक, ऐकायला कच्चं. उगीच बसून जांभया द्यायच्या का?

उत्तर : काका, सून शहाणी आहे, तिचं ऐका. आधी उच्चार सांगते म्हंजे बसमध्ये पंचाईत नको, तिकडे लिस्टोल असं काहीसं म्हणतात, "वे" गिळून टाकतात. केरी काउंटीच्या उत्तरेला, फील नदीच्या काठावर. रेल्वे कधीच बंद झाली, पण लिमरिक-ट्रलीची बस गावातूनच जाते. महोत्सवाचं नाव रायटर्स वीक, १९७१ पासूनचा, आयर्लंडमधला सगळ्यात जुना साहित्य महोत्सव म्हणतात तो हाच. नाव वीक, असतो बुधवार ते रविवार, जूनच्या पहिल्या सोमवारी तिकडे सुट्टी असते त्याच्या आधीचे दिवस.

आता एवढ्याशा गावात कसलं साहित्य, तर काका, हा महोत्सव कोणी बाहेरून आणून बसवलेला नाहीये. सुरू करणाऱ्यांत एक तुमच्यासारखे शाळामास्तर, ब्रायन मॅकमॅहन, चाळीसेक वर्षं त्याच गावात पोरांना शिकवलं आणि रात्री कथा लिहिल्या. दुसरे जॉन बी. केन (स्पेलिंग बघून कीन म्हणाल, म्हणू नका), त्यांचा विल्यम स्ट्रीटवर पब. दिवसभर गिऱ्हाइकांना बिअर ओतायची, त्यांचं बोलणं कानात साठवायचं आणि पब बंद झाला की लिहायला बसायचं. त्यांचं 'साइव्ह' हे नाटक डब्लिनच्या ॲबी थिएटरनं, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय नाट्यगृहानं, परत पाठवलं. मग १९५९ साली गावच्याच हौशी ग्रुपनं ते गावातल्या बॉलरूममध्ये लावलं, स्पर्धा मारत मारत अथलोनच्या अखिल आयर्लंड हौशी नाट्यमहोत्सवात पहिलं आणलं आणि शेवटी त्याच ॲबीत आठवडाभर केलं! गोष्ट काय, तर पोरक्या पोरीचं लग्न म्हाताऱ्या पैसेवाल्या शेतकऱ्याशी ठरवतात. देवलांच्या 'शारदे'च्या गावाला मी हे काय समजावणार.

तर गाव आधीच नाटक करत होतं, लिहीत होतं, महोत्सव नंतर आला. माझ्या मते सगळं गुपित एवढंच आहे.

ऐकायच्या इंग्रजीचं म्हणाल तर केरीचं बोलणं डब्लिनवाल्यांनाही जड जातं, लाजू नका. मोठ्या लेखकांच्या मुलाखतींची एक-दोनच तिकिटं काढा, बाकी वेळ स्क्वेअरमध्ये घालवा. स्क्वेअर म्हणजे गावचा चौक, मधोमध जुनं प्रोटेस्टंट चर्च आहे त्याचं आता थिएटर झालंय, सेंट जॉन्स. जवळच केरी रायटर्स म्युझियम, तिथे भागातल्या पाच लेखकांची एकेक खोली. वाचता येतं ना, मग तिथे जांभई येणार नाही. आणि चालताना मान वर ठेवा, पॅट मॅकॉलिफ नावाच्या गवंड्यानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दुकानांच्या दर्शनी भिंतींवर प्लास्टरमध्ये सिंह, हार्प (तिकडचं तंतुवाद्य), बाया काय काय काढून ठेवलंय. छत्री घ्या. रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, काकूंना सांगून ठेवा, नाहीतर जेवायची वेळ कळत नाही.

प्रश्न : आमच्या गावचं वाचनालय दरवर्षी दोन दिवसांचा साहित्य कार्यक्रम करतं. पाहुण्यांचा खर्च निघत नाही आणि समोर खुर्च्याच जास्त. तुम्ही आयर्लंडचं इतकं कौतुक करता, त्यांना कसं जमतं हो?

उत्तर : पैसे हा पहिला फरक, उगीच लपवत नाही. तिकडे सरकारी आर्ट्स कौन्सिल अनुदान देतं. आणि लिस्टोलला एक भारी स्पॉन्सर आहे, केरी ग्रुप, ज्याची सुरुवात १९७२ साली त्याच गावातल्या दुधाच्या कारखान्यापासून झाली, आज जगभर धंदा आहे. वर्षातल्या उत्तम आयरिश कादंबरीला त्यांच्या नावानं वीस हजार युरो मिळतात. डेअरीच्या पैशावर कादंबरीला बक्षीस, आपल्याकडे साखर कारखाने आणि दूध संघ असलेल्यांनी जरा विचार करा म्हणते मी.

पण खुर्च्या पैशानं भरत नाहीत. तिथे वर्कशॉप असतात, लिहिणाऱ्यांच्या स्पर्धा असतात, म्हणजे येणारा माणूस नुसता ऐकायला येत नाही, वहीत काहीतरी घेऊन येतो. तुम्ही पाहुणा एक कमी करा आणि गावातल्या दहा जणांना वाचायला बसवा, त्या दहांच्या घरचेच चाळीस होतील.

आणि सगळं गोडगोड आहे असंही नाही. २०२२ मध्ये तिथल्या संचालक मंडळानं बाहेरच्या एका अहवालाचा आधार घेऊन स्वयंसेवकांची कमिटीच बंद केली, प्रोग्रॅम ठरवायला क्युरेटर नेमायचं ठरलं. वर्षानुवर्षं फुकट राबलेली माणसं भयंकर दुखावली, गावात उभी फूट, पेपरात रकाने. मंडळाचं म्हणणं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही, एवढा पसारा हौसेवर चालवणं अवघडच, पण खुर्च्या लावणाऱ्याला निरोप देताना हात जोडायला वेळ लागतो, तो काढायला हवा होता. तुमच्या वाचनालयात सतरंज्या उचलणारं कोण आहे ते आठवा आणि पुढच्या मीटिंगला त्याला बोलवा.

प्रश्न : आम्ही दारू पीत नाही. मग त्या पबमधल्या मैफिलींचा आम्हाला काय उपयोग?

उत्तर : अहो, चहा मिळतो! मी चहाच्या कपावर दोन-दोन तास काढलेत, कोणी वाकडं बघितलं नाही. केन यांचा पब अजून घरचेच चालवतात, रायटर्स वीकमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते. मी गेले तेव्हा अशाच एका पबमध्ये बारपाशी उभा असलेला एक आजोबा अचानक कविता म्हणायला लागला, माइक नाही, प्रस्तावना नाही, हातात ग्लास तसाच. सगळा पब चिडीचूप, काउंटरवरच्या पोरीनं नळ बंद केला. कविता संपली, टाळ्या झाल्या, आजोबा परत शेजाऱ्याशी गुरांच्या भावाबद्दल बोलायला लागला.

एक सावधगिरी मात्र घ्या. तिकडे नोबल कॉल म्हणून रीत आहे, ज्यानं गायलं किंवा म्हटलं त्याला पुढचा माणूस निवडायचा हक्क मिळतो आणि नाही म्हणणं बरं दिसत नाही. त्या आजोबानं बोट केलं ते माझ्याकडे. मी घाबरून बहिणाबाईंच्या चार ओळी म्हटल्या, कोणाला ओ की ठो कळलं नसणार, तरी दोघीतिघींनी अर्थ विचारला आणि एकीनं चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. तेव्हा सांगलीचे काका, तुम्हीही हे वाचत असाल तर विमानात बसायच्या आधी काहीतरी पाठ करून ठेवा.