वेस्लीचे भाग गाळावेत का?

प्रश्न : ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’मधला वेस्ली क्रशर म्हणजे आगाऊ कार्टं, यावर आमच्या घरात एकमत आहे. आठवीतल्या मुलीला मालिका दाखवायची आहे. त्याचे भाग गाळू का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : थोडे गाळा, सगळे नकोत. पहिल्या सीझनला (१९८७-८८) एंटरप्राइज या अंतराळयानावर कायमचा मुख्य अभियंताच नव्हता. येईल तो चेहरा नवा. जॉर्डी ला फोर्ज तेव्हा सुकाणूवर बसायचा. त्यामुळे यंत्र अडलं की लेखकांच्या हाताशी उरायचा १५ वर्षांचा वेस्ली, आणि तो हुशार दिसावा म्हणून मोठ्यांना मठ्ठ करणं आलं. ‘द नेकेड नाऊ’मध्ये अख्खं जहाज झिंगलेलं. इंजिनरूम बळकावतो वेस्ली, आणि ट्रॅक्टर बीम (दूरची वस्तू ओढून घेणारा किरण) उलटा वापरून वेळ मिळवून देतो तोही वेस्लीच! ‘डेटालोर’मध्ये जहाजावरचा यंत्रमानव अधिकारी डेटा याचं सोंग त्याच्यासारखाच दिसणारा लोर घेतो, ते वेस्ली ओळखतो, तर आधी कॅप्टन पिकार्ड आणि मग आई त्याला गप्प बसवते. राग यायला हवा मोठ्यांचा. आला मात्र पोराचा.

दुसऱ्या सीझनला जॉर्डी मुख्य अभियंता झाला आणि पोरगं सुकाणूवर बसून शिकायला लागलं. तिथून पात्र सावरतं.

मुलीला पहिल्या सीझनमधला ‘कमिंग ऑफ एज’ दाखवा : स्टारफ्लीट अकादमीच्या (अंतराळ अधिकारी घडवणाऱ्या संस्थेच्या) एकाच जागेसाठी चौघे उमेदवार, आणि वेस्लीला ती मिळत नाही. मग तिसऱ्याचा पहिलाच भाग, ‘इव्होल्यूशन’. त्यात नॅनाइट (अतिसूक्ष्म यंत्रं) सुटतात ते त्याच्याच हलगर्जीपणामुळे.

पाचव्यातला १९वा, ‘द फर्स्ट ड्यूटी’, अजिबात चुकवू नका. बंदी असलेली हवाई कसरत करताना अकादमीतला एक कॅडेट मरतो, आणि गटप्रमुख लोकार्नो दोष मेलेल्या मुलावरच ढकलतो. वेस्ली चौकशीत खोटं बोलतो, उघडा पडल्यावर गप्प बसतो आणि पिकार्डने कोंडीत पकडल्यावरच खरं सांगतो. वर्ष वाया जातं. वेस्ली साकारणाऱ्या विल व्हीटनचं या मालिकेतलं सर्वोत्तम काम हेच. (लोकार्नो झालेला रॉबर्ट डंकन मॅकनील पुढे ‘व्हॉएजर’ या दुसऱ्या स्टार ट्रेक मालिकेत टॉम पॅरिस झाला.)

सातव्यातला ‘जर्नीज एंड’ वगळलात तरी बिघडत नाही. अकादमी सोडण्याचा निर्णय तिथे घाईने उरकलाय. या मालिकेतले बहुतेक भाग स्वतंत्र असल्याने मधले गाळले तरी संदर्भ अडत नाही. फक्त ‘द फर्स्ट ड्यूटी’आधी चौथ्यातला नववा, ‘फायनल मिशन’, पाहून घ्या, म्हणजे पिकार्डसमोर त्याची मान खाली का जाते ते मुलीला कळेल.