कुमासीहून किनाऱ्याकडे: घाना, टोगो, बेनिनच्या वारसा सहलीबद्दल वाचकांचे प्रश्न

एका कंपनीने सेनेगल, कोत दिव्हार (आयव्हरी कोस्ट), घाना, टोगो, बेनिन असे पाच देश 11 दिवसांत दाखवायचं ठरवलंय. आम्ही चौघं पन्नाशीतले. घ्यावी का ही सहल? (ठाणे)

घेऊ नका. अकरातले तीन-चार दिवस विमानतळांवर आणि सीमाचौक्यांवर जातील. 13-14 दिवस काढा आणि घाना, टोगो, बेनिन एवढंच करा. नकाशावर अंतरं किरकोळ वाटतात: अक्रा ते लोमे सुमारे 200 किलोमीटर, लोमे ते कोटोनू सुमारे 150. पण मध्ये आफ्लाव आणि हिलाकोंजी या दोन सीमा आहेत. तिथे रांग, शिक्के, सामानाची तपासणी यात अर्धा दिवस सहज जातो. त्या दिवशी दुसरा कार्यक्रम ठेवूच नये.

देशांच्या संख्येपेक्षा क्रमाचा विचार आधी करा. बहुतेक सहली किनाऱ्यावरचे किल्ले आधी उरकतात आणि राजवाडे शेवटी, वेळ उरला तर. किल्ल्यात गुलाम म्हणून कोंडलेली माणसं आली कुठून हे मग कळतच नाही. ती आतल्या भागातून, लढायांत आणि धाडींत पकडून, चालवत आणलेली होती. म्हणून प्रवासही आतून समुद्राकडे करावा. अक्राहून आधी कुमासीला जा, म्हणजे असांते लोकांच्या राजधानीत (250 किलोमीटर, गाडीने पाच-सहा तास). तिथून खाली उतरताना वाटेत असिन मान्सो लागतं. किनाऱ्यावर नेण्याआधी बंदिवानांना इथल्या ओढ्यात शेवटची आंघोळ घालत. गुलाम म्हणून नेलेल्या दोघांचे अवशेष 1998 मध्ये जमैका आणि न्यूयॉर्कहून परत आणून इथेच पुरले. मग केप कोस्ट आणि एल्मिना. बेनिनमध्येही तसंच: आधी दाहोमे राज्याची जुनी राजधानी अबोमे, नंतर किनाऱ्यावरचं विदा.

दिवसांची वाटणी अशी: अक्रा 2, कुमासी 3, केप कोस्ट-एल्मिना 2, लोमेचा प्रवास 1, लोमे 1, अबोमे 2, विदा आणि गानविये (पाण्यात खांबांवर वसलेलं गाव) 2. परतीचं विमान कोटोनूहून धरा. उत्तर टोगोतलं कुतामाकू, म्हणजे मातीच्या बुरूजवजा घरांचा मुलूख, लोमेपासून चारशेहून जास्त किलोमीटर आहे. तीन दिवस जादा असतील तरच तिथे जा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोरडे महिने. डिसेंबरपासून सहाराची धूळ घेऊन हरमाटान वारा येतो, घसा कोरडा पडतो आणि फोटो पांढुरके येतात. तरी एप्रिल ते जुलैच्या पावसापेक्षा ते बरं. तिकीट काढण्याआधी अक्वासिदाएची तारीख बघा. दर 42 दिवसांनी, रविवारी, कुमासीच्या मान्हिया राजवाड्यात असांतेहेनेचा, म्हणजे असांतेंच्या राजाचा, दरबार भरतो. एका आठवड्याने चुकलात तर पुढे पाच आठवडे नाही.

पीतज्वराची लस खरंच लागते का? व्हिसा तिथे पोचल्यावर घेतला तर चालेल? (नाशिक)

लस लागतेच, आणि परत येतानाही तिची गरज पडते. हे तिन्ही देश पीतज्वराच्या यादीत असल्याने वैध पिवळं कार्ड (लसीचा दाखला) नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. कार्ड लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. 2016 पासून एकच मात्रा आयुष्यभर चालते. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. कुपी एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून बरीच केंद्रं ठरावीक वारीच बोलावतात. ही जिवंत विषाणूची लस आहे. वय साठीच्या पुढे असेल, अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. कार्डावरचा पासपोर्ट क्रमांक जुना राहिला की काउंटरवर वाद होतो, तो तपासून घ्या.

मलेरियाची प्रतिबंधक गोळीही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. तिकडच्या मलेरियावर क्लोरोक्वीन चालत नाही. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस घ्यावी लागते, डॉक्सिसायक्लिन चार आठवडे. घरी आलो म्हणून लोक ती मध्येच सोडतात.

व्हिसा तिथे जाऊन घेण्याच्या भरवशावर राहू नका. टोगो आणि बेनिनचे ऑनलाइन होतात, फक्त संकेतस्थळ सरकारी आहे ना ते पाहा. नेहमीची चूक घानाच्या व्हिसात होते: लोक एकदाच प्रवेशाचा घेतात आणि परतीचं विमान अक्राहून असतं. एकदा टोगोत पाऊल टाकलं की तो व्हिसा संपला.

केप कोस्ट आणि एल्मिना दोन्ही किल्ले पाहावेत का? आईला गुडघ्यांचा त्रास आहे. (पुणे)

दोन्ही पाहा, पण एकाच दिवशी नको. अंतर जेमतेम 13 किलोमीटर असल्याने वाहनचालक सकाळ-दुपारी उरकू पाहतात. मन थकतं आणि दुसरा किल्ला नुसता पायांनी फिरून होतो. केप कोस्टला पुरुषांच्या कोठडीत उतरती, ओबडधोबड, अंधारी वाट आहे. आईंनी वरच्या अंगणात आणि संग्रहालयात थांबावं. त्या कोठडीच्या बरोबर वर प्रार्थनाघर होतं, हे अंगणात उभं राहूनही दिसतं.

एल्मिना पोर्तुगीजांनी 1482 मध्ये बांधला, गोवा घेण्याच्या 28 वर्षं आधी. पुढे 1637 मध्ये तो डचांकडे आणि 1872 मध्ये इंग्रजांकडे गेला. इथे बायकांच्या कोठडीसमोरचं अंगण आणि त्यावरची गव्हर्नरची गच्ची नीट पाहा. गच्चीवरून खाली पाहून तो बाई निवडत असे. असांतेंचा राजा पहिला प्रेंपे यालाही इंग्रजांनी इथेच ठेवलं होतं. तो पुढे सेशेल्सला हद्दपार झाला आणि 1924 मध्ये परतला.

विदातला पोर्तुगीज किल्ला वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. आजूबाजूला दाहोमे (आजचं बेनिन) देश स्वतंत्र झाला तरी एवढासा तुकडा पोर्तुगालने धरून ठेवला होता. दाहोमेने तो ऑगस्ट 1961 मध्ये घेतला, गोवा मुक्त होण्याच्या साडेचार महिने आधी. जाताना पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्याला आग लावली. तिथून समुद्रापर्यंतची गुलामांची वाट साधारण चार किलोमीटर आहे, वाळूची आणि फारशी सावली नसलेली. सकाळी सातला निघा. शेवटी उभी असलेली ‘न परतीची कमान’ 1995 मधली आहे, जुनी नाही.

बेनिनमधलं वोदून म्हणजे जादूटोणाच ना? मुलांना न्यावं का? (कोल्हापूर)

नाही. तो धर्म आहे, आणि जानेवारीत त्याची राष्ट्रीय सुट्टी असते. उंबऱ्याजवळ मातीचा उंचवटा आणि त्यावर ओघळलेलं पामतेल दिसलं की तो लेग्बा, निरोप्या देव. साक्पाता हा जमिनीचा आणि देवीच्या रोगाचा. त्या रोगालाच ‘देवी’ म्हणणाऱ्यांना हे वेगळं समजवावं लागू नये. किनाऱ्यावर मामी वाटा या जलदेवीच्या काही देवळांत आपल्याकडचे छापील देवांचे फोटो पुजले जातात. तिथल्या एवे जमातीच्या भक्तांनी आपल्या दत्ताच्या चित्रात तीन तोंडांचा जलदेव देन्सू ओळखला. कोल्हापूरकरांनी हे मुलांना जरूर दाखवावं.

पथ्यं तीन. एगुंगुन, म्हणजे कापडांनी मढलेले पूर्वज, रस्त्यावर आले की त्यांचं वस्त्र अंगाला लागू देऊ नका. काठीवाले सांगतील तितकं मागे सरा. फोटोआधी विचारा आणि पैसे आधीच ठरवा. डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नका. लोमेच्या अकोदेसेवा बाजारात वाळवलेली जनावरांची डोकी विकायला मांडलेली असतात. लहान मुलं घाबरतात. तिथून काहीही विकत घेऊ नका, वन्यजीव कायद्यात अडकाल.

शुद्ध शाकाहारी माणसाने काय खावं? (डोंबिवली)

घानात वाचे (भात आणि चवळी) आणि ‘रेड रेड’ म्हणजे पामतेलातली चवळीची उसळ, सोबत तळलेलं पिकं केळं. मांस दिसत नाही म्हणून शाकाहारी समजू नका: सुक्या मासळीची पूड आणि मसाल्याच्या वड्या रश्शात असतात, आणि वाचेवरची काळी शितो चटणी तर मासळीचीच. बेनिनमध्ये फ्रेंचमध्ये ‘सां व्हियांद, सां प्वासाँ’ म्हणा (मांस नाही, मासे नाहीत). वागाशी मिळालं तर घ्या. फुलानी गवळणींचं हे चीज आपल्या पनीरसारखं तळता येतं. दूध फाडायला त्या रुईचा चीक वापरतात, आपण मारुतीला वाहतो तशाच रुईचा.

पैसे कोणते न्यावेत? अस्सल केंटे कापड कसं ओळखावं? (पणजी)

युरोच्या नव्या, न दुमडलेल्या नोटा न्या. टोगो आणि बेनिनमध्ये एकच सीएफए फ्रँक चालतो, तो युरोला बांधलेला आहे. घानाचा सेडी टोगोत कवडीमोल, म्हणून सीमेआधी संपवा. गंमत अशी की ‘सेडी’ या शब्दाचा अर्थच कवडी. मालदीवच्या कवड्या युरोपीय जहाजांतून याच किनाऱ्यावर उतरत, आणि त्यांत माणसांची किंमत मोजली जाई.

केंटेसाठी कुमासीजवळच्या बोनवायरला जा. तिथे पुरुष अरुंद मागावर जेमतेम चार बोटं रुंदीची पट्टी विणतात आणि पट्ट्या शेजारी शेजारी शिवून कापड करतात. म्हणून आधी शिवण शोधा. मग उलटं करा: विणलेल्याची मागची बाजू पैठणीसारखी भरलेली दिसते, छापलेल्याची फिकी पडते. पूर्ण पुरुषी वस्त्राला साधारण 24 पट्ट्या लागतात आणि ते महाग असतं. दोन-तीन पट्ट्यांचा गळपट्टा परवडतो. लाल-काळं घेऊ नका असं नाही, पण तिकडे ते रंग मयतीला घालतात. अक्वासिदाएच्या दरबारात मात्र ते नेसून जाऊ नका.