संक्रांतीला १२ माणसं जेवायला आहेत. पाणी न सुटणारी कोशिंबीर कोणती करावी?

गाजर-सोलाण्यांची (सोलाणे म्हणजे ओले हरभरे) करा, जानेवारीत दोन्ही कोवळी मिळतात. पाऊण किलो गाजरं, वाटीभर सोलाणे, एका डाळिंबाचे दाणे आणि पाऊण वाटी दाण्याचं कूट पुरे. डाव्या बाजूची वस्तू, दोन-दोन चमचेच वाढायची. गाजर जाड किसणीवर किसा, बारीक किसणीने लगदा होतो. सोलाणे थेंबभर तेलावर परतले की कच्चट वास जातो. वरून तूप-जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची तिच्यातच. संक्रांत म्हटल्यावर तीळ हवेतच, म्हणून कुटात दोन चमचे भाजलेले तीळ मिसळते.

पाणी सुटतं ते मिठाने. मीठ, साखर, लिंबू पानं मांडल्यावरच घाला. गेल्या वर्षी मी तासभर आधी कालवून ठेवली, तर पातेल्याच्या तळाशी गुलाबी सार तयार!