मायक्रोफायनान्सच्या (कंपन्यांकडून गटाने मिळणाऱ्या छोट्या, विनातारण) कर्जामुळे महिलांचे जीवन खरोखर सुधारते का?

थोडेफार सुधारते, पण सांगितले जाते तेवढे नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या वस्त्यांत केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, कर्ज मिळू लागल्यावर छोट्या व्यवसायांतील गुंतवणूक व टिकाऊ वस्तूंची खरेदी वाढली, मात्र मुलांचे शिक्षण, आरोग्य किंवा घरातील निर्णयांत स्त्रीच्या शब्दाला असलेले वजन यांत लक्षणीय फरक पडला नाही. कर्ज तिच्या नावावर आणि पैसा नवऱ्याच्या हाती, हेही अनेक घरांत घडतेच. गटातील सगळ्या जणी एकमेकींच्या कर्जाला जबाबदार असतात; या सामूहिक हमीमुळे एकीचा हप्ता थकला की शेजारणीच तगादा लावतात, मग तो भागवण्यासाठी दुसऱ्या कंपनीचे कर्ज काढले जाते. त्या मानाने बचत गटामार्फत घेतलेले बँकेचे कर्ज मला बरे वाटते, कारण तिथे बचत आधी होते.