गणपतीची रोषणाई: चॅनेलचं गणित कसं मांडायचं?

प्रश्न : मंडळाच्या प्रवेशद्वाराची कमान ३०० पिक्सेलची आणि दोन्ही खांब १००-१०० पिक्सेलचे करतोय. चॅनेल कुठून सुरू करू? (चिंचवड)

उत्तर : आधी कागद घ्या, कॉम्प्युटर नंतर. एका आरजीबी (लाल-हिरवा-निळा) पिक्सेलला, म्हणजे माळेतल्या एका दिव्याला, तीन चॅनेल लागतात, प्रत्येक रंगाच्या उजेडाला एक. म्हणजे कमानीला ९०० आणि खांबांना ३००-३००. युनिव्हर्स म्हणजे चॅनेलचा गट; एका युनिव्हर्समध्ये ५१२ चॅनेल असतात. त्यात १७० पिक्सेल बसतात आणि दोन चॅनेल उरतात. ते वापरायला जाऊ नका. १७१व्या पिक्सेलचा लाल-हिरवा एका युनिव्हर्समध्ये आणि निळा दुसऱ्यात गेला, की बिघाड शोधताना डोकं फिरतं.

कमानीला युनिव्हर्स १ आणि २ द्या, डाव्या खांबाला ३, उजव्याला ४. तिघांना कंट्रोलरचे (पिक्सेलना डेटा पाठवणाऱ्या यंत्राचे) पोर्टही वेगळे. दुसऱ्या युनिव्हर्समध्ये ४० पिक्सेलची जागा रिकामी राहील, राहू द्या. आदल्या रात्री कुणीतरी 'कमानीला एक ॐ पण लावूया' म्हणणारच! तो कमानीच्याच वायरीच्या शेवटाला जोडला, की खांबांचा एकही क्रमांक हलत नाही.

पिक्सेलचा क्रम वायर ठरवते, चित्र नाही. कमानीचा पहिला पिक्सेल म्हणजे जिथून डेटा आत शिरतो तो, समजा डावा पाया. खांब दोन्ही खालून वर भरा. एखादा चुकून वरून खाली भरला गेला तर उसवत बसू नका, सॉफ्टवेअरमध्ये दिशा उलटी करा. नाव, पोर्ट, युनिव्हर्स, पहिला आणि शेवटचा पिक्सेल कुठे, एवढा तक्ता करून कंट्रोलरच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. पावसात भिजत दुरुस्ती करणारा पोरगा तुम्हाला दुवा देईल.

प्रश्न : चार एलईडी पार (रंगीत झोताचे दिवे) आणले, पण चारही एकदमच रंग बदलतात. (इचलकरंजी)

उत्तर : चौघांचा पत्ता, म्हणजे पहिल्या चॅनेलचा क्रमांक, एकच आहे. पार सात चॅनेलच्या मोडवर असतील तर मागच्या डिस्प्लेवर १, ८, १५, २२ असे पत्ते द्या. डावी-उजवी जोडी मुद्दाम एकत्र चालवायची असेल तर त्या दोघांना एकच पत्ता ठेवा, चॅनेल वाचतात.

प्रश्न : कमानीला पांढरा दिला, तर शेवटचे पिक्सेल तांबूस दिसतात. चॅनेल चुकलेत का? (नाशिक)

उत्तर : नाही, व्होल्टेज पडतंय. पाच व्होल्टचा पिक्सेल पूर्ण पांढऱ्यावर साधारण ६० मिलिअँपिअर ओढतो. ३०० पिक्सेलचे १८ अँपिअर झाले. निळ्या-हिरव्याला तीनेक व्होल्ट लागतात, लाल दोनच्या आसपास भागवतो, म्हणून आधी निळा मंदावतो. दर ५० पिक्सेलला नवी पॉवर द्या. दोन एसएमपीएस (पॉवर सप्लाय) असतील तर ग्राउंड एकत्र जोडा, पॉझिटिव्ह मात्र वेगळेच. चॅनेलची चूक ओळखायची खूण वेगळी: लाल मागितला आणि हिरवा लागला, तर रंगांचा क्रम चुकलाय.

प्रश्न : आम्ही एक्सलाइट्स (रोषणाई मांडायचं सॉफ्टवेअर) वापरतो. दिवाळीची मांडणी ख्रिसमसलाही चालेल का? (न्यू जर्सी)

उत्तर : छताची कड आणि खिडक्या दोन्ही सणांना तशाच राहतात, त्यांना सुरुवातीचे चॅनेल कायमचे द्या. शेवटचा पोर्ट पाहुण्याचा : दिवाळीत आकाशकंदील, डिसेंबरात झाड. झाडाचे पिक्सेल जास्त असणार, म्हणून जागा झाडाच्या मापाने राखा. एका पोर्टवर मात्र किती लादायचं याला मर्यादा आहे. डब्ल्यूएस २८११ चिपला एका पिक्सेलचा डेटा घ्यायला ३० मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला ४० फ्रेम हव्या असतील तर ८००च्या पुढे जाऊ नका.

प्रश्न : आरतीच्या तालावर लाइट नाचवायचे आहेत. (सातारा)

उत्तर : रेकॉर्ड केलेली आरती असेल तर गाणं आणि लाइटची फाइल एकाच प्लेअरवरून सोडा. लोक म्हणत असतील तर टाइमलाइनचा नाद सोडा. शेवटच्या कडव्याला लय हमखास चढते. त्यापेक्षा चार-पाच सीन करून बटणांवर ठेवा आणि ज्याला आरती पाठ आहे त्याला तिथे बसवा.