तिशी ओलांडलेला मुलगा, दोन कुत्री आणि वीस बाजूंचा फासा

"मुलगा एरवी गुणी आहे हो, पण..."

या 'पण'नंतर येणारी तक्रार गेल्या काही वर्षांत बदलली आहे. पूर्वी दारू, सिगरेट, नाहीतर कुणा मुलीचा नाद यायचा. आता येतं ते असं: पण सगळे शनिवार-रविवार त्या खेळात जातात. पण कुत्र्यांपलीकडे त्याला जग नाही. पण या वयात हा फासे घेऊन बसतो! कधी मुलगा असतो, कधी मुलगी. छंदही बदलतात. ठाण्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आईवडिलांचा शेवटचा प्रश्न मात्र ठरलेला असतो, "हा खऱ्या आयुष्यापासून पळ काढतोय का?"

त्यातलीच एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आईला आपण काकू म्हणू आणि मुलाला निनाद.

काकू डोंबिवलीच्या, निवृत्त शिक्षिका. काका जाऊन काही वर्षं झालेली. निनाद बत्तीस वर्षांचा, सॉफ्टवेअरमध्ये, घोडबंदर रोडला स्वतःच्या फ्लॅटमध्ये एकटा राहणारा. काकू पहिल्या भेटीला एकट्याच आल्या, त्याही वहीत मुद्दे लिहून. महत्त्वाच्या मुद्द्यांखाली लाल पेनाने रेघा मारलेल्या. शनिवारी संध्याकाळी चार-पाच जण त्याच्याकडे जमतात आणि रात्री बारापर्यंत राक्षस, चेटकिणी, तळघरं असं काहीबाही बोलत बसतात. घरात दोन कुत्री. ब्रुनो हा कुणीतरी सोडून दिलेला म्हातारा लॅब्रॅडॉर, त्याला फिट्स येतात. बुंदी सोसायटीच्या पार्किंगमधून उचलून आणलेली. कुत्र्यांना फटाक्यांचा त्रास होतो म्हणून दिवाळीत डोंबिवलीला येत नाही. लग्नाचं विचारलं की "बघू". हे 'बघू' तीन वर्षं चाललेलं. आणि सर्वांत खाली, दोन रेघा मारून: हा खेळ खेळून अमेरिकेत मुलांनी जीव दिले, असा व्हॉट्सॲपवर भाच्याने पाठवलेला मजकूर.

मी वही शेवटाकडून वाचायला घेतली. मनात एवढी मोठी भीती असली की माणसाला बाकीचं ऐकूच येत नाही.

निनादकडे शनिवारी चालतो तो डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला. यात पट असलाच पाहिजे असं नाही, आणि कुणी जिंकतही नाही. एक जण सूत्रधार असतो, त्याला ही मंडळी डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, म्हणतात. तो प्रसंग उभा करतो, बाकीचे एकेक पात्र होऊन त्या प्रसंगात काय करणार ते सांगतात. भिंत चढायची आहे? वीस बाजूंचा फासा टाका, पात्राच्या ताकदीचे गुण त्यात मिळवा, सूत्रधाराने ठरवलेला आकडा गाठला तर चढलात. नाही गाठला तर गोष्ट वेगळ्या वाटेने पुढे जाते. एकच गोष्ट अशी महिनोन्‌महिने चालते.

१९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळाविरुद्ध मोठं रान उठलं होतं. मुलगा गमावलेल्या एका आईने १९८३ मध्ये त्यासाठी संघटनाही काढली होती. पुढे अभ्यास झाले, त्यांत खेळामुळे आत्महत्या होतात असा काही संबंध सापडला नाही. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी वहीतल्या त्या ओळीवर काट मारली नाही, शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. मला ते आवडलं. शिक्षिकेचं डोकं शाबूत होतं.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. "या खेळामुळे आणि कुत्र्यांमुळे त्याच्या आयुष्यातली माणसं वाढली की कमी झाली?"

"माणसं? कुत्र्यांमुळे माणसं कशी वाढतील?"

"आठवून सांगा. तुम्ही राहायला जाता तेव्हा कोण कोण येतं, कुणाचे फोन येतात?"

काकू सांगत गेल्या. शनिवारची टोळी. त्यातली एक मुलगी दातांची डॉक्टर, एक जण शाळेत गणित शिकवतो. उपवन तलावावर सकाळी कुत्री घेऊन येणारे एक रिटायर्ड बँकवाले काका, निनादला ताप आला तेव्हा त्यांनीच ब्रुनोला फिरवून आणलं. व्हेट. वॉचमन, जो बुंदीसाठी पोळी राखून ठेवतो. पाच बोटं संपून दुसऱ्या हाताची सुरू झाली तेव्हा त्या थांबल्या. "कॉलेजात याला एक मित्र नव्हता," असं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या.

हा प्रश्न मी माझ्या अनुभवातून घडवलेला आहे आणि त्याने मला सहसा दगा दिलेला नाही. पळवाट धरलेल्या माणसाभोवतीची माणसं गळत जातात आणि जबाबदाऱ्या अंगावरून निसटतात. छंद असेल तर उलट घडतं. वेळ पाळावी लागते, कुणीतरी आपली वाट बघत असतं, न आवडणारी कामंही करावी लागतात. ब्रुनोला फिट्सची गोळी दर बारा तासांनी, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. ती चुकवून चालत नाही. म्हणून राक्षस कितीही तोंडावर आलेला असो, शनिवारी नऊला खेळ थांबतो. टेबलावर भेळ आणायला बंदी, कारण कांदा कुत्र्यांना बाधतो. चिवडा आणायचा तर बिनमनुकांचा, मनुका त्यांच्या मूत्रपिंडावर उठू शकतात. फासे उंच कडांच्या लाकडी ट्रेमध्येच टाकायचे. त्याचं कारण बुंदी. तिने एकदा चार बाजूंचा टोकदार फासा गिळला होता आणि टोळीतले दोघे निनादसोबत रात्री एक्स-रेसाठी धावले होते. इतके नियम पाळणाऱ्या मुलाला बेजबाबदार म्हणायला माझी जीभ रेटेना.

पण म्हणजे काकूंची काळजी खोटी होती का? नाही. काहीतरी अडलेलं होतं, फक्त त्या बोट ठेवत होत्या तिथे नव्हतं.

निनाद आला तो 'आईसाठी आलोय' या चेहऱ्याने. खेळाबद्दल विचारल्यावर मात्र खुलला. तो सूत्रधार असतो. शनिवारच्या चार तासांसाठी आठवडाभर रात्री तासभर तयारी करतो. टेबलावर पाच डोकी पाच दिशांना ओढतात. एकाला लढायचंय, एकीला वाटाघाटी करायच्यात, एक जण नुसता सोनं शोधत फिरतो. या सगळ्यांना तो सांभाळतो आणि वेळ पडली तर स्पष्ट नाही म्हणतो. "नाही म्हटलं नाही तर गोष्टच कोसळते," असं त्याचं म्हणणं.

"आणि लग्नाचं काय?"

"बघू ना."

इतका वेळ सरळ बसलेला मुलगा हे म्हणताना खुर्चीत थोडा खाली घसरला. मी ते टिपून ठेवलं.

पुढच्या भेटींत हळूहळू कळलं ते असं. त्याचा लग्नाला विरोध नव्हताच. एक स्थळ त्याला आवडलंही होतं. दुसऱ्या भेटीत मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, "कुत्री लग्नानंतर डोंबिवलीलाच ना?" काकूंनी त्यांना आधीच फोनवर सांगून टाकलं होतं की कुत्री तात्पुरती आहेत, आणि शनिवारी त्याचा 'ऑफिसचा एक ग्रुप' जमतो. निनाद त्या बैठकीत काही बोलला नाही. घरी येऊन आईलाही बोलला नाही. त्यानंतर प्रत्येक स्थळाला 'बघू' सुरू झालं.

"तेव्हाच आईला का नाही सांगितलंस?"

"बाबा गेल्यापासून ती एकटी आहे. तिला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. मग?"

तो गप्प. मी विषय बदलल्यासारखं केलं आणि खेळाकडे वळले. लढाई सुरू आहे, एका खेळाडूची पाळी आली, तू विचारलंस 'काय करतोस?' आणि तो म्हणाला 'बघू'. तू काय करतोस?

त्याला हसू आलं. "एक फेरी म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. तेवढ्यात ठरवायचं. नाही ठरवलं तर पाळी गेली."

"पण त्याला भीती वाटत असेल. चुकीचा निर्णय झाला तर सगळे नाराज होतील असं वाटत असेल."

"वाटू दे ना. भीती वाटतेय म्हणून राक्षस थोडाच थांबतो? आणि त्याच्या 'बघू'ची किंमत बाकीचे चौघे मोजतात, त्यांना कळतच नाही की आता..."

इथे तो थांबला. सूत्र स्वतःच्याच तोंडून निसटलं की माणसाच्या चेहऱ्यावर एक वेगळाच भाव येतो. या व्यवसायात माझा जीव अडकलाय तो त्या क्षणासाठी. मी मुद्दाम काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं तर श्रेय त्याला मिळतं आणि उत्तर वाया जातं. बऱ्याच वेळाने निनाद म्हणाला, "तीन वर्षं आईची पाळी मी अडवून ठेवलीय."

माझ्या मते गाठ इथे सुटली. सगळे म्हणत होते की खेळाने त्याला दुबळं केलंय. प्रत्यक्षात धीटपणा तो टेबलावर शिकून बसला होता, फक्त तो डोंबिवलीच्या गाडीत चढत नव्हता. विवेकनिष्ठ मानसोपचार मांडणारे मानसशास्त्रज्ञ डॉ. अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर पोसलेली मी. आईला वाईट वाटेल हे खरं, पण 'तिला वाईट वाटता कामा नये' हा हट्ट निनादचा होता. काकूंचा हट्ट वेगळा, मुलाचं आयुष्य चारचौघांसारखं दिसलं पाहिजे हा. दोन्ही इच्छा रास्त आहेत. इच्छेची आज्ञा झाली की घरात खोटं बोलणं सुरू होतं, मग ते फोनवर स्थळाशी असो की 'बघू' म्हणून स्वतःच्या आईशी.

दोघांना एकत्र बसवलं. निनादने सरळ सांगितलं, "आई, मला लग्न करायचंय. कुत्री माझ्यासोबतच राहणार. शनिवारचा खेळही. हे लपवून ठरवलेलं लग्न मला नको."

काकू रडतील असं त्याला वाटत होतं. त्या भडकल्या. "मग तीन वर्षं मला विवाहमंडळाच्या पायऱ्या कशाला चढायला लावल्यास?" चांगल्या खणखणीत शाळेच्या आवाजात. निनाद हबकला, पण कोसळला नाही, आणि काकूही कोसळल्या नाहीत. मी पाण्याचा ग्लासही पुढे केला नाही. आई रागावते आणि तरीही आईच राहते, हे त्याला कुणी सांगून पटलं नसतं.

पुढचं मोजक्या शब्दांत. बायोडेटात दोन ओळी वाढल्या, एक कुत्र्यांची, एक खेळाची. स्थळं निम्म्याने कमी झाली. काकू तक्रार घेऊन आल्या तेव्हा मी म्हटलं, गळाली ती लग्नानंतर सहा महिन्यांनी भांडून गळण्यापेक्षा आत्ता गळाली ते बरं. दिवाळीत कुत्री डोंबिवलीला न्यायची नाहीत हे ठरलं. काकूच ठाण्याला जातात, पण कुत्री सांभाळणार नाही असंही त्यांनी स्पष्ट सांगून टाकलंय. तो त्यांचा हक्क आहे. निनाद कामासाठी बाहेरगावी जातो तेव्हा बँकवाले काका आणि एक डॉग बोर्डिंग यांच्यावर भागवतो.

आता वाचणाऱ्या आईवडिलांसाठी थोडं. छंद हीच पळवाट असते अशी मुलंही माझ्याकडे येतात. एक मुलगी पहाटे चारपर्यंत ऑनलाइन टेबलावर असायची, नोकरी गेली तरी खेळ सुटला नाही, घरातलं मांजर दोन-दोन दिवस उपाशी. तिची गोष्ट वेगळी होती, उपचार वेगळे होते, मनोविकारतज्ज्ञांचीही मदत घ्यावी लागली. म्हणून छंदाचं नाव विचारू नका, त्याच्या आजूबाजूला बघा. झोप होते का? हप्ते, बिलं वेळेवर जातात का? उधारी वाढतेय का? जुनी माणसं तुटतायत का? पाळीव प्राणी असेल तर त्याच्याकडे नीट बघा. अंगावर गोचीड, चुकलेली लस, दिवसभर बाल्कनीत बांधलेलं कुत्रं हे घरातल्या माणसाच्या मनःस्थितीबद्दल पुष्कळ सांगून जातं. आणि तसं दिसलं तर टोमणे न मारता लवकर मदत घ्या.

तसं दिसलं नाही तर चौकशीची दिशा बदला. "हे कधी सोडणार?" असं विचारलं की मूल तरी खोटं बोलतं किंवा 'बघू' म्हणतं. "त्या ग्रुपमध्ये कोण कोण असतं रे?" असं विचारून बघा. आणि सोसायटी कुत्री ठेवू देणार नाही ही धास्ती असेल तर तीही सोडा. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. घाण उचलणं आणि वेळेवर लस देणं एवढं मात्र आपल्याकडे लागतं.

ही केस व्याख्यानात सांगितली की पहिला प्रश्न हमखास येतो, "मग झालं का त्याचं लग्न?" अजून नाही. एका मुलीशी बोलणी सुरू आहेत, तिला कुत्री आवडतात आणि फाशांचा खेळ अजिबात आवडत नाही. शनिवारचं काय करायचं यावर दोघं आपसांत वाद घालतायत. काकू त्यात पडलेल्या नाहीत, आणि निनाद 'बघू' म्हणालेला नाही.